दोन इंच उंच, पण कोणाच्या डोळ्यांवर?

रील चाळीस सेकंदांचं असतं. जॅक लागला, चाक निघालं, गंजलेली काळी स्प्रिंग बाहेर आली, चकाचक लाल किंवा पिवळी स्प्रिंग आत गेली, चाक परत बसलं आणि शेवटी ढिंगच्याक म्युझिकवर पिकअपचं नाक ताठ वर. 'घरच्या घरी लिफ्ट, गॅरेजचा खर्च झिरो!' बघून कोणाचेही हात शिवशिवतील. त्यात घरात एखादी पिकअप उभी असेल तर विचारायलाच नको.

आणि हल्ली असतेच की. पिकअप म्हणजे पहाटे मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी गाडी, एवढीच आपली ओळख होती. 2016 मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली आणि पिकअप ही हौसेचीही गाडी झाली. बाबांनी किंवा काकांनी ती शेतासाठी, साइटसाठी, कोकणातल्या होम-स्टेसाठी घेतलेली असते. रविवारी मात्र चावी तुमच्या हातात येते. मग मुळशी, माळशेज, एखादा चिखलाचा रस्ता, आणि ग्रुपमधला कोणीतरी म्हणतोच, 'भावा, पुढून थोडी उचल ना. काय रोड प्रेझेन्स येईल!'

यात दोन प्रश्न आहेत आणि आपण ते एकात कालवतो. स्प्रिंग बदलण्याचं काम घरी करावं का, हा एक. गाडी उंच करावी का, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर 'हो, जरूर' असं आहे, फक्त एक पायरी सोडून. दुसऱ्याला 'बहुतेकांनी नाही'. का, ते सांगतो. त्यासाठी आधी थोडं गाडीखाली शिरावं लागेल.

रीलमध्ये कापलेली दहा मिनिटं

माल वाहणाऱ्या पिकअपना मागे पाटे असतात, काहींना पुढेही पाटेच. व्ही-क्रॉस किंवा हायलक्सला मागे पाटे आणि पुढे गोल स्प्रिंग. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म. खालच्या आर्मवर शॉकअप उभा असतो आणि त्याच्याभोवती ही स्प्रिंग बसलेली असते. उंच स्प्रिंग टाकायची म्हणजे हा शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर काढायचा, जुनी स्प्रिंग उतरवायची, नवी चढवायची आणि सगळं परत जागेवर बसवायचं.

मेकॅनिकलच्या पोरापोरींनो, स्प्रिंग तुम्हाला माहीत आहे. भांडारींच्या पुस्तकातलं ते प्रकरण आणि ते सूत्र परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलंय: तारेच्या जाडीचा चौथा घात वर, कॉइलच्या व्यासाचा घन आणि वेढ्यांची संख्या खाली. आता त्याचा अर्थ बघा. बाकी सगळं तेच ठेवून तार फक्त 10 टक्के जाड केली तर स्प्रिंग 46 टक्के कडक होते. डोळ्यांनी बघून कळणारसुद्धा नाही अशा फरकात गाडी निम्म्याने कडक! म्हणून 'दोन्ही सारख्याच दिसतात' म्हणून कुठल्याही स्प्रिंगा उचलून आणणाऱ्याला सूत्र पाठ असूनही समजलेलं नसतं.

आता दुसरं गणित, जास्त महत्त्वाचं. हिशेबापुरती अशी स्प्रिंग धरा, जी एक मिलिमीटर दाबायला 100 न्यूटन लागतात. अशा पिकअपच्या पुढच्या स्प्रिंगसाठी हा आकडा अजिबात अवास्तव नाही. नवी उंच स्प्रिंग शॉकअपवर बसवायची तर ती आधी दाबून छोटी करावी लागते. समजा 100 मिलिमीटर दाबली. आता ती 10,000 न्यूटनने, म्हणजे साधारण एक टन वजनाच्या जोराने, परत उघडू पाहतेय. तिच्यात साठलेली ऊर्जा 500 ज्यूल. सिमेंटचं 50 किलोचं पोतं एक मीटर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा घेऊन येतं, तेवढी. फरक इतकाच की पोतं पडताना दिसतं आणि बाजूला उडी मारता येते. स्प्रिंग सुटली तर ती तुमच्या दोन हातांच्या मध्ये, छातीसमोर असते.

रीलमध्ये नेमका हा भाग कापलेला असतो. जुनी बाहेर आणि नवी आत, यांच्या मधली दहा मिनिटं. कधी तो माणूस हे काम गॅरेजमध्ये करून आणतो आणि सांगत नाही. कधी घरीच करतो, पण दोन हुकांचा स्वस्तातला कॉम्प्रेसर लावून, आणि त्या वेळी त्याचा चेहरा कसा होता हे कोणी पोस्ट करत नाही. ते हुक साध्या कारच्या बारीक स्प्रिंगला कसेबसे पुरतात. पिकअपच्या जाड तारेवर ते नीट बसत नाहीत, एका बाजूला सरकतात. दोरी बांधून, तार गुंडाळून, वेल्डिंगचे क्लॅम्प लावून केलेले प्रकार तर विचारूच नका. जुगाडाचं मला कौतुक आहे. पाण्याची मोटर, सायकलचं कॅरिअर, हॉस्टेलमधला कूलर, सगळीकडे जुगाड चालू दे. दाबलेल्या स्प्रिंगवर नको.

आणखी एक गोष्ट, ही पाठच करा. बॉनेट उघडल्यावर शॉकअपच्या वरच्या टोकाला काही नट दिसतात. कडेचे नट शॉकअपला गाडीशी धरून ठेवतात, ते सोडायचेच असतात. पण मधोमध एक मोठा नट असतो. तो स्प्रिंगला दाबून धरतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये पक्की पकडलेली नसताना त्याला पाना लावायचा नाही. 'जरा ढिला करून ठेवतो, मग सोपं जाईल' हेही नाही.

मग घरी करायचं काय?

बाकी सगळं! आणि ते भरपूर आहे.

माझं ठाम मत आहे की इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत जे शिकायला मिळत नाही ते एका शनिवारी पिकअपच्या पुढच्या चाकाशी बसून शिकता येतं. आपल्याकडे एक विचित्र उतरंड आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड करणाऱ्याच्या नखात ग्रीस असतं आणि डिग्रीवाल्याच्या फाइलमध्ये सर्टिफिकेट. मग तोच डिग्रीवाला पहिल्या नोकरीत शॉप फ्लोअरवर उभा राहतो आणि बोल्ट किती आवळायचा हे त्याच आयटीआयवाल्याला विचारतो. विचारण्यात कमीपणा काहीच नाही. चार वर्षं न विचारण्यात आहे. आणि मुलींनो, 'तुला नाही जमणार, जोर लागतो' असं कोणी म्हणालं तर पान्याला लांब पाइप लावा. जोर गुणिले अंतर म्हणजे टॉर्क, अकरावीतच झालंय.

तर काम असं. सपाट, पक्की जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर हे करू नका. खाली पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडचे पाय रुततात, त्यामुळे जाड फळी टाका. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, हवेत उचलल्यावर चाक नुसतं फिरत राहतं. मग जॅकने उचलून चासीखाली स्टँड लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. जवळपास दोन टनांची गाडी आहे, ती नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली हात घालायचा नाही. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये असो नसो, आपल्याकडचे जुने मिस्त्री करतात. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर पडते, माणसावर नाही.

पुढे खरी मजा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ज्या क्लिपांनी धरलेली असते त्या आधी सोडवा, नाहीतर आर्म खाली गेला की त्या ताणल्या जातात. वायर तुटली तर डॅशबोर्डवर दिवा लागेल. ब्रेकचा पाइप आतून फाटला तर दिवाही लागणार नाही. स्टॅबिलायझरची लिंक सोडा. वरचा बॉल जॉइंट सोडताना तो हट्टीपणा करतो, कारण तो निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो. थेट त्याच्या आट्यांवर हातोडा घातला की आटे गेले. शेजारच्या लोखंडी भागावर एक नेमका फटका मारला की तो 'टक्' करून सुटतो. हा आवाज एकदा ऐकला की पुन्हा विसरत नाही. मग खालचा बोल्ट, वरचे कडेचे नट, आणि शॉकअप स्प्रिंगसकट तुमच्या हातात.

इथे थांबा. दोन्ही बाजूंचे शॉकअप असेच काढा, कोणता डावा आणि कोणता उजवा ते खडूने लिहा, नव्या स्प्रिंगा घ्या आणि रिक्षात घालून सस्पेन्शनच्या कामाच्या दुकानात जा. जरा चौकशी केलीत तर पिंजऱ्याचा किंवा भिंतीला पक्का बसवलेला कॉम्प्रेसर असलेलं दुकान सापडतं. त्यांचं ते रोजचं काम आहे. उभं राहून बघा, विचारा. स्प्रिंगच्या तारेचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत नेमकं टेकलंय का, एवढं मात्र स्वतः तपासा. ते टेकलं नसेल तर स्प्रिंग खड्ड्यात 'कटक' करून फिरते आणि तुम्ही महिनाभर आवाज शोधत बसता. मग परत या आणि उलट क्रमाने सगळं बसवा. यात तुमची इज्जत कुठेही जात नाही. घरचं काम 'शंभर टक्के घरीच' झालं पाहिजे हा नियम केला कोणी?

बसवतानाची एक गोष्ट बरेच अनुभवी लोकही गाळतात. आर्म जिथे चासीला जोडलेला असतो तिथे रबराचे बुश असतात. ते बेअरिंगसारखे फिरत नाहीत, पिळले जातात. आर्मचे बोल्ट सोडले असतील आणि चाक हवेत लटकत असतानाच ते पूर्ण आवळले, तर रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून हे बोल्ट आधी हातानेच बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मगच शेवटचं आवळायचं. तेही अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने, कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

उंचीचं काय?

आता दुसरा प्रश्न. पुढून उंच स्प्रिंग टाकायची ही पद्धत आली कुठून? मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातून. तिथे लोक पिकअपला पुढे लोखंडी बंपर लावतात, त्यात विंच बसवतात, बॉनेटखाली दुसरी बॅटरी टाकतात आणि ओसाड प्रदेशात शेकडो किलोमीटर जातात. एवढं वजन पुढे आलं की मूळ स्प्रिंग बसते, नाक खाली जातं. ते परत वर आणायला जास्त कडक, जास्त उंच स्प्रिंग बनल्या. म्हणून चांगल्या कंपनीची स्प्रिंग विकत घेताना पुढे किती जादा वजन आहे ते विचारतात आणि त्याप्रमाणे वेगळी स्प्रिंग देतात.

आपल्याकडे? असले लोखंडी बंपर आणि बुल बार लावायला कायद्याने मनाई आहे. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. कारण सरळ आहे: धडकेत ते समोरच्या माणसाला जास्त मारतात, आणि गाडीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चेपत नाही. म्हणजे आपल्या पिकअपच्या नाकावर ते जादा वजन नाहीच. तरी जादा वजनासाठी बनलेली स्प्रिंग आपण टाकतो. मग रिकाम्या गाडीत ती पुरेशी दबतच नाही, नाक हवं त्याहून वर राहतं, चाकाला खड्ड्यात खाली जायला वाव उरत नाही आणि गाडी दाणदाण आपटते. 'ऑफ-रोड सेटअप आहे, थोडं हार्ड असणारच,' असं म्हणून आपण पाठ चोळत बसतो.

'पण ग्राउंड क्लिअरन्स वाढतो ना!' कुठला? पिकअपखाली एकदा वाकून बघा. सगळ्यात खाली काय लटकतंय? बहुतेक वेळा मागच्या ॲक्सलच्या मधला तो लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शियल. तो थेट चाकांच्या रेषेत आहे. पुढची स्प्रिंग बदला, मागचे पाटे वाढवा, तो गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. पुढच्या उंच स्प्रिंगने एवढंच होतं की तीव्र चढाला भिडताना बंपर घासण्याची शक्यता कमी होते आणि इंजिनखालची प्लेट थोडी वर जाते. ज्याचा रोजचा रस्ता खरोखर असा आहे त्याला याचा उपयोग आहे, नाकारत नाही. गोव्यात 2014 पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथल्या गाड्या बघाल तर हे सगळे बदल का करतात ते पटेल. पण ती स्पर्धा आहे. तुमचा रस्ता कॉलेज, पेट्रोल पंप आणि महिन्यातून एकदा लोणावळा असा असेल तर हिशेब वेगळा.

किंमत काय, तेही बघा. या रचनेत स्प्रिंग खालच्या आर्मवर चाकापासून बरीच आत टेकलेली असते, त्यामुळे स्प्रिंगपाशी 20-25 मिलिमीटर वाढवले की चाकापाशी 40 च्या आसपास फरक पडतो. लोक हे विसरतात आणि 'दोन इंच हवेत' म्हणून दोन इंच लांब स्प्रिंग घालतात. गाडी जवळपास चार इंच वर जाते, वरचा बॉल जॉइंट शेवटच्या कोनाला टेकतो. फोर बाय फोर असेल तर चाकाकडे जाणारे शाफ्ट तिरके होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, ग्रीस उडतं, पाणी आणि माती आत जाते. शिवाय आर्मचे कोन बदलले की चाकांचे कोनही बदलतात. कॅस्टर कमी होतो, म्हणजे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ कमी होते. टो बिघडतो आणि टायर एका कडेने खाल्ला जातो. म्हणून स्प्रिंग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट हा खर्च कामाचाच भाग धरायचा. 'पुढच्या महिन्यात करू' म्हणणाऱ्याला टायरचं बिल जास्त येतं.

इथपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, तुमच्या गाडीचं. हौसेला मोल नसतं म्हणून सोडून देऊ.

पण हेडलाइट?

हे कोणीच बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त बोलतो. अशा पिकअपची पुढच्या आणि मागच्या चाकांमधली लांबी 3.1 मीटरच्या आसपास असते. पुढून गाडी 40 मिलिमीटर वर गेली आणि मागे तेवढीच राहिली तर सगळी गाडी मागे कलते. दर मीटरला सुमारे 1.3 सेंटीमीटर. ऐकायला काहीच नाही. पण डिपरचा प्रकाश मुळात दर मीटरला साधारण एक सेंटीमीटर खाली झुकवलेला असतो, जेणेकरून तो रस्त्यावर पडावा. आता एक वजा, 1.3 अधिक. म्हणजे तुमचा डिपर खाली न जाता किंचित वर चढू लागला. दिवा जमिनीपासून 90 सेंटीमीटरवर धरला तर आधी 50 मीटरवर प्रकाशाची वरची कड साधारण 40 सेंटीमीटर उंचीवर असायची, समोरच्या गाडीच्या बंपरखाली. आता ती 1 मीटर 10 सेंटीमीटरवर आली. कारमध्ये बसलेल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तिथेच असतात. आणि मागे माल किंवा चार मित्र बसले की मागचे पाटे दबतात, नाक आणखी वर.

रात्री दोन पदरी रस्त्यावर, मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, समोरून स्प्लेंडरवर कोणीतरी येतोय. शेतावरून, कंपनीच्या सेकंड शिफ्टवरून, क्लास संपवून. त्याच्यासाठी तुम्ही डिपर दिलाय आणि तुम्हाला वाटतंय आपण सभ्यपणे गाडी चालवतोय. त्याला मात्र पुढचे काही सेकंद रस्त्याची कड दिसत नाही, खड्डा दिसत नाही, बिनदिव्याची बैलगाडी दिसत नाही. 'ही मोठी गाडीवाली माणसं अशीच' असं म्हणून तो पुढे जातो. गेला तर. तुमच्या दोन इंचांची किंमत त्याने मोजली आणि तुम्हाला ती कळलीसुद्धा नाही. गाडीत डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करायचं शून्य ते तीनचं चाक असेल तर बघा, तुमच्यापैकी किती जणांनी ते कधी फिरवलंय?

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. 'आरसी बुकात स्प्रिंगची उंची कुठे लिहिलीय?' हा युक्तिवाद मी खूप वेळा ऐकलाय. कट्ट्यावर तो चालतो. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर चालेल यावर मी माझ्या बाबांची गाडी पणाला लावणार नाही, आणि तुम्हीही लावू नका. तुम्हालाही ती त्यांनीच दिलीय.

मग शिवशिवणाऱ्या हातांचं काय करायचं? माझ्याकडे एक प्रस्ताव आहे, आणि तो मनाची समजूत घालण्यासाठी नाही. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर तिच्या पुढच्या स्प्रिंगा बऱ्याचदा बसलेल्या असतात. स्प्रिंगचा कडकपणा फारसा बदलत नाही, पण तिची मोकळी लांबी घटते आणि गाडी नकळत काही मिलिमीटर खाली येते. शॉकअपही थकलेले असतात. कंपनीच्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप टाका. नाक जिथे असायला हवं तिथे येईल, ब्रेक मारल्यावरचं डोलणं थांबेल, आणि 'लिफ्ट केलीस का रे?' असं कोणीतरी विचारेलच. कायद्याचा प्रश्न नाही, शाफ्ट तिरके नाहीत. आणि वर सांगितलेलं सगळं, तो 'टक्' आवाज, तो टॉर्क पाना, ते पिळलेलं रबर, जसंच्या तसं शिकायला मिळतं.

सुरू करण्याआधी दोन मापं घ्या. दोन्हीला टेपशिवाय काही लागत नाही. चारही चाकांच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि वहीत लिहा, डावं-उजवं वेगळं. गाडी किती बसलीय, एका बाजूला झुकलीय का, हे तिथेच कळेल. दुसरं, गाडी सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, डिपर लावा आणि प्रकाशाची वरची कड जिथे पडते तिथे भिंतीवर चिकटपट्टी लावा. काम झाल्यावर त्याच जागी परत उभी करा. पुढून 40 मिलिमीटर वाढली असेल तर कड पट्टीच्या वर सुमारे 11 सेंटीमीटर गेलेली दिसेल. हेडलाइटच्या मागे ॲडजस्ट करायचा स्क्रू असतो. कड पट्टीच्या वर पाच सेंटीमीटर राहीपर्यंत तो फिरवायचा, कारण दिवा स्वतः तेवढा वर गेलेला आहे. उंची कमी वाढली असेल तर दोन्ही आकडे त्याच प्रमाणात कमी धरा. दुसरा दिवा झाकून एक करा, मग हा झाकून तो करा. आणि हे रात्रीच्या पहिल्या फेरीच्या आधी करा, नंतर नाही.